पानिपतचा ‘काला आंब’ आणि रणभूमीवरची साक्षीदार झाडे

दफ्तरी (धागाकर्ते)

पानिपतच्या रणभूमीवर ‘काला आंब’ म्हणून जे ठिकाण दाखवले जाते, तेथे ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो आंबा आज नाही. लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ आहे, त्याला लोखंडी दांडा बसवलेला आहे आणि सभोवती बाग राखलेली आहे. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या या जागेवरून सदाशिवरावभाऊंनी १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेचे नेतृत्व केले, अशी परंपरा सांगितली जाते. जमिनीत इतके रक्त मुरले की आंब्याचे झाड काळे पडले, अशी लोककथा आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून तीच ऐकलेली आहे. हरियाणाच्या पर्यटन खात्याच्या वर्णनात मात्र पानांच्या गडद रंगामुळे हे नाव पडले असावे, एवढेच साधे कारण दिलेले आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला तेथे शौर्य दिन होतो. हरियाणातील रोड मराठा समाज, जो स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो, मोठ्या संख्येने जमतो आणि महाराष्ट्रातूनही लोक जातात. २०२५ च्या कार्यक्रमाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते आणि त्यानंतर तेथे भव्य स्मारक उभारण्याची चर्चा वाढली. पुतळा कोणाचा असावा, किती उंच असावा, यावर सगळीकडे बोलले जात आहे. ज्या झाडाच्या नावाने ती जागा ओळखली जाते त्या झाडाबद्दल मात्र कोणीच काही बोलत नाही, म्हणून हा धागा. झाड गेल्यानंतर उरते ते स्मारक नेमके कशाचे असते, आणि त्या जागी नवा आंबा लावून त्यालाच ‘काला आंब’ म्हणणे योग्य ठरेल का, यावर जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

बखरवाचक

चांगला विषय. प्रथम जागेबद्दल लिहितो, कारण ‘भाऊ जेथून लढाई चालवत होते ती जागा’ आणि ‘भाऊ जेथे पडले ती जागा’ या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात नेहमी एक केल्या जातात.

लढाईची आघाडी काही किलोमीटर पसरलेली होती. एका टोकाला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे, मध्ये हुजुरातीसह (पेशव्यांच्या खास फौजेसह) भाऊ आणि विश्वासराव, दुसऱ्या टोकाला शिंदे आणि होळकर, अशी साधारण मांडणी होती. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. विश्वासरावांना गोळी लागल्यानंतर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि स्वतः गर्दीत घुसले, असे आपण वाचतो. म्हणजे सेनापतीने एका झाडाखाली उभे राहून सबंध दिवस हुकूम दिले, असे चित्र मनात असेल तर ते खोडून टाकावे लागेल. काला आंब ही मध्याची खूण मानली तर ती पटण्यासारखी आहे. मृत्यूची जागा म्हणून ती सांगितली गेली की मी थांबतो.

याचे कारण असे की भाऊंच्या मृत्यूबद्दल त्या काळातच लोकांची खात्री नव्हती. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नबाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, छावणीत असलेल्या काशीराज पंडिताने रणभूमीवरच्या शोधाशोधीची हकीकत लिहून ठेवलेली आहे. तरीही पुण्यात अनेकांना भाऊ जिवंत असल्याची आशा होती. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही, असे सांगतात. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा होईपर्यंत पेशवाईला त्याने हैराण केले. ज्या सेनापतीच्या मृत्यूची जागा त्याच्या घरच्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हती, त्याच्यासाठी पुढच्या लोकांनी एखादे झाड धरून ठेवले असेल तर त्यात मला आश्चर्य वाटत नाही. समाधी बांधायला निश्चित जागा लागते. झाड तेथे आधीच उभे असते.

जाता जाता एक दुरुस्ती. १४ जानेवारी म्हणून ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ असे सर्रास लिहिले जाते. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत असते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्याच दिवशी झाला, म्हणजे त्याच्या १०० वर्षे आधी ती १२ च्याही अलीकडे येत असली पाहिजे. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. संक्रांत तेव्हा होऊन गेलेली होती.

कलमबहाद्दर

मी फळबागेच्या क्षेत्रात काम करतो. इतिहासावर बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु झाड ‘काळे’ कसे दिसू शकते यावर लिहितो.

आंब्याची पालवी आधी तांबूस, जांभळट असते आणि जून झालेली पाने गडद हिरवी होतात. दाट विस्ताराचे जुने झाड सपाट मैदानात दुरून पाहिले तर ते काळपट दिसते, हे कोणीही अनुभवू शकतो. दुसरे कारण रोगाचे आहे. तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी रस शोषतात आणि चिकट गोड स्राव सोडतात. आपले बागायतदार त्याला चिकटा म्हणतात. त्या चिकट्यावर काजळी बुरशी वाढते आणि पाने, फांद्या, मोहोर सगळे कोळशाची पूड फासल्याप्रमाणे काळे होते. दुर्लक्षित झाडावर हा प्रकार वर्षानुवर्षे राहू शकतो. पानिपतच्या झाडाला हेच झाले होते, असे मी म्हणत नाही. ‘काला आंब’ हे नाव पडायला रक्ताची गरज नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

रक्ताच्या कथेबद्दलही थोडे. मुळे जमिनीतून पाणी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये घेतात, रंग घेत नाहीत, त्यामुळे रक्ताने लाकूड किंवा रस काळा होणार नाही. परंतु वाळवलेल्या रक्ताचे खत जगभर वापरले जाते आणि त्यात सुमारे १२ टक्के नत्र असते. नत्र भरपूर मिळाले की पाने अधिक गडद हिरवी होतात. जेथे माणसे आणि जनावरे मोठ्या संख्येने पडली तेथे पुढचे काही हंगाम झाडे गडद दिसली असतील, तर ते अशक्य नाही. लोककथेत कदाचित असे काही पाहिल्याची आठवण असेल आणि ती नंतर फुगली असेल. हा माझा तर्क आहे, याहून जास्त वजन त्याला देऊ नये.

शंकेखोर

कलमबहाद्दर यांचे विवेचन आवडले. माझी शंका त्याच्याही आधीची आहे. मराठी फौज ऑक्टोबर १७६० च्या अखेरीपासून पानिपतात अडकून पडली होती. लाखाच्या घरात माणसे, हत्ती, घोडे, बैल, आणि ऐन थंडीचे दिवस. सरपण आणि चारा यांसाठी आसपासचे एकूण एक झाड तोडले गेले असणार. मग हा एक आंबा वाचला कसा?

दफ्तरी

याचे एक उत्तर सुचते. शेवटच्या आठवड्यांत चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी खंदकाबाहेर पडणे जिवावरचे झाले होते, कारण अफगाण स्वार टेहळणी करत फिरत होते. म्हणजे दोन्ही छावण्यांच्या मधला जो पट्टा होता, तेथे कोणालाच निवांतपणे कुऱ्हाड चालवता येत नव्हती. लढाई नेमकी त्याच पट्ट्यात झाली. आजूबाजूचे तुटले म्हणून एकटे उरले, आणि एकटे उरले म्हणून ओळखीचे झाले, असे घडले असू शकते. याला कागदोपत्री आधार मी देऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मात्र काहीसे असेच झाले होते, हे मला माहीत आहे. त्यावर कोणी सविस्तर लिहील का?

उत्तररंग

गॅलिपोलीवर लिहितो, पण त्याआधी वॉटर्लूचा उल्लेख करायला हवा, कारण काला आंबाशी सर्वांत जास्त साम्य मला तेथे दिसते.

१८ जून १८१५ रोजी ड्यूक ऑफ वेलिंग्टनने दिवसाचा बराच वेळ चौरस्त्यावरच्या एका एल्म वृक्षापाशी थांबून लढाई चालवली. लढाईनंतर ते झाड ‘वेलिंग्टनचे झाड’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि पर्यटकांची रीघ लागली. प्रत्येकाला आठवण म्हणून सालीचा तुकडा, डहाळी, पान काहीतरी हवे होते. त्यांनी झाड इतके ओरबाडले की तीन वर्षांत ते मरणपंथाला लागले आणि १८१८ मध्ये तोडले गेले. ब्रिटिश म्युझियममधील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन या गृहस्थांनी त्याचे लाकूड विकत घेतले आणि त्यातून खुर्ची बनवून ती राजाला भेट देण्यात आली. ती आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. तोफगोळ्यांतून वाचलेले झाड त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी मारले, हे मला फार बोलके वाटते.

आता काला आंबाकडे पाहा. त्या झाडाच्या लाकडाचे म्हणून दरवाजे बनवले गेले, ते राणी व्हिक्टोरियाला भेट दिले गेले आणि आता ते पानिपतच्या संग्रहालयात आहेत, अशी हकीकत तेथे सांगितली जाते. सेनापतीची जागा, तिची खूण असलेले झाड, त्या झाडाचे सामान आणि ते सामान राजदरबारी, हा क्रम वॉटर्लूच्या क्रमाशी जुळतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वॉटर्लू असणारच. पानिपतच्या झाडाची कथा सेनापतीभोवती गुंफली जाण्यात या नमुन्याचा हात असावा, असा माझा संशय आहे.

गॅलिपोलीची गोष्ट वेगळी आहे. तेथे ‘लोन पाइन’ म्हणून ओळखली जाणारी लढाई ६ ते १० ऑगस्ट १९१५ या काळात ऑस्ट्रेलियन आणि तुर्की सैन्यांत झाली. त्या पठारावरची पाइनची बाकीची झाडे तुर्की सैनिकांनी आपल्या खंदकांवर ओंडक्यांचे छत घालण्यासाठी तोडली होती आणि एकच उरले होते, म्हणून जागेला हे नाव पडले. तेही झाड टिकले नाही. ज्या झाडाच्या नावाने सगळा ऑस्ट्रेलिया ती जागा ओळखतो, ते ऑगस्टच्या हल्ल्याआधीच गेले होते. शंकेखोर यांना हे नमूद करून ठेवण्यासारखे वाटेल.

पण सैनिकांनी तेथून पाइनची बोंडे उचलली. मॅकडॉवेल नावाच्या सार्जंटने एक बोंड जवळ ठेवले आणि परतल्यावर व्हिक्टोरिया राज्यात राहणाऱ्या नात्यातल्या एका बाईंच्या हवाली केले. एमा ग्रे हे त्यांचे नाव. कित्येक वर्षांनी त्यांनी त्या बोंडातल्या बिया रुजवल्या आणि चार रोपे जगली. १९३३ आणि १९३४ मध्ये ती मेलबर्नच्या युद्धस्मारकासह चार ठिकाणी लावण्यात आली. दुसरे बोंड बेंजामिन स्मिथ या सैनिकाने आपल्या आईला पाठवले होते. तिचा दुसरा मुलगा त्याच लढाईत मारला गेला होता. तिने वाढवलेल्या दोन रोपांपैकी एक कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या आवारात २४ ऑक्टोबर १९३४ रोजी ड्यूक ऑफ ग्लॉस्टरच्या हस्ते लावले गेले आणि ते आजही उभे आहे. या झाडांची पुढची पिढी शाळांत आणि गावोगावच्या स्मारकांत लावली गेली आहे. मेलबर्नचे मूळ झाड बुरशीच्या रोगाने खंगले आणि २०१२ मध्ये काढावे लागले, तरी वंश चालू आहे.

शंकेखोर

उत्तररंग यांनी गोष्टीचा सर्वांत मजेदार भाग गाळला. कॅनबेराचे झाड अलेप्पो पाइन या जातीचे आहे, तर मेलबर्नकडची चार झाडे टर्किश रेड पाइन या जातीची. पठारावर उभे असलेले ते एकटे झाड टर्किश पाइनच होते. स्मिथला मिळालेले बोंड बहुधा तुर्की खंदकांच्या छतावर टाकलेल्या, दुसरीकडून आणलेल्या फांद्यांवरचे होते. शिवाय आज गॅलिपोलीच्या दफनभूमीत जे एकटे झाड उभे आहे ते तिसऱ्याच जातीचे, स्टोन पाइन आहे, आणि ते १९२० च्या दशकात नव्याने लावलेले आहे. तीन जातींची झाडे, एकच नाव, आणि तिन्हींपुढे लोक तेवढ्याच श्रद्धेने उभे राहतात.

ऑस्ट्रेलियनांना हे ठाऊक आहे आणि ते लपवत नाहीत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांचे वॉर मेमोरियल स्वतःच आपल्या झाडाची जात आणि ते बोंड कोठून आले असावे, हे सांगते. आपण काला आंबाबद्दल एवढ्या मोकळेपणाने बोलू का? उद्या कोणी ‘पान काळे होण्याचे कारण काजळी बुरशी असावे’ असा फलक लावला, तर त्याच्यावर काय प्रसंग येईल, याची कल्पना करून पाहा.

कलमबहाद्दर

पाइनचे बोंड आणि आंब्याची कोय यांत एक मूलभूत फरक आहे आणि या धाग्यासाठी तो मोलाचा आहे. पाइनच्या बिया कोरड्या बोंडात कित्येक वर्षे जिवंत राहतात. सार्जंटच्या पिशवीतून आलेले बोंड दशकानंतर रुजले, ते त्यामुळेच. आंब्याची कोय मात्र वाळली की मरते. फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती संपते. शिवाय लढाई जानेवारीत झाली, तेव्हा उत्तरेत झाडाला फळ नसते, फार तर मोहोर फुटण्याची तयारी चालू असते. म्हणजे एखाद्या मराठा स्वाराला वाटले असते तरी त्या झाडाचे बी कोकणात किंवा देशावर आणणे त्याला शक्य नव्हते.

दुसरी अडचण अशी की उत्तर भारतातील आंब्यांच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो, त्यामुळे रोप मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते. त्याच झाडाचा अंश हवा असेल तर कलमच बांधावे लागते, आणि त्यासाठी झाड जिवंत असताना त्याची काडी कापून घ्यावी लागते. ते तोडले गेले तेव्हा कोणाला कलम बांधून ठेवावेसे वाटले असते, तर आज आपण हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला असता. त्या वेळी दरवाजे सुचले, कलम सुचले नाही.

बखरवाचक

त्या दरवाजांची वैज्ञानिक तपासणी करून काही कळू शकेल का? लाकूड आंब्याचे आहे का, आणि झाड १७६१ मध्ये उभे होते का, एवढे तरी?

कलमबहाद्दर

लाकूड आंब्याचे आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली सहज सांगता येईल. वयाचे मात्र अवघड आहे. सागाच्या खोडात वर्षागणिक कडी स्पष्ट उमटतात आणि आपल्याकडे त्यांवरून चांगले काम झालेले आहे. आंबा सदाहरित असून वर्षात एकापेक्षा अधिक वेळा पालवी फेकतो, त्यामुळे त्याच्या कड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कार्बन पद्धत लावायची म्हटले तर साधारण १६५० ते १९५० हा नेमका असा काळ आहे की वातावरणातील कार्बनच्या चढउतारांमुळे एकाच मोजणीतून अनेक तारखा निघतात. १७६१ च्या आधीचे की नंतरचे, हे एका नमुन्यावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही लाकडाची जात पाहून घ्यायला हरकत नाही, ते काम थोडक्यात होते.

वाटाड्या

गोळ्यांनी कापल्या गेलेल्या लाकडाचे एक उदाहरण माझ्याकडून. अमेरिकेच्या यादवी युद्धात १२ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे बंदुकीच्या माऱ्याने एक ओकचे झाड अक्षरशः कापले जाऊन पडले. त्याचा सुमारे २२ इंच व्यासाचा बुंधा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पलाशीची गोष्ट याच्या उलट. २३ जून १७५७ रोजी क्लाइव्हने ज्या आमराईचा आडोसा घेतला, ती भागीरथीच्या सरकत्या पात्राने आणि काळाने नाहीशी केली. तेथेही आता स्तंभच आहे. चार वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन निर्णायक लढाया, दोन्हीकडे आंबे, दोन्हीकडे शेवटी दगडविटा.

फतेहपूर जिल्ह्यातील बावनी इमली ही चिंच मात्र अजून उभी आहे. २८ एप्रिल १८५८ रोजी जोधासिंह अटैया आणि त्यांचे साथीदार अशा ५२ जणांना इंग्रजांनी तिच्यावर फाशी दिले. ती रणभूमी नाही, वधस्थान आहे, हे मला मान्य आहे. जिवंत झाड स्मारक म्हणून सांभाळता येते, एवढ्यासाठी तिचा उल्लेख केला.

सांजवारा

या चर्चेत ‘पराभवाचे स्मारक कशाला’ हा आक्षेप अजून आला नाही, याचे नवल वाटले, कारण बाहेर तो सतत ऐकू येतो. ज्यांचे ते मत आहे त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समधील आघाडीवरची दोन झाडे पाहावीत.

१ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी बोमाँ-हामेल येथे न्यूफाउंडलंडच्या रेजिमेंटचे सुमारे ८०० जण पुढे निघाले आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण उभे राहिले. दोन्ही खंदकांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर एका झाडाचा सांगाडा होता. त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंतच बहुतेक जण पडले. त्याला ‘धोक्याचे झाड’ म्हणत. आज तेथे त्या सांगाड्याची प्रतिकृती उभी केलेली आहे. तो हल्ला लष्करी दृष्टीने पूर्ण फसलेला होता, आणि न्यूफाउंडलंडमध्ये १ जुलै हा आजही स्मृतिदिन आहे.

दुसरे झाड तेथून जवळच, डेलव्हिल वुडमध्ये. जुलै १९१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिगेडचे ३,००० हून अधिक सैनिक त्या रानात शिरले. सहा दिवसांनी त्यांची सुटका झाली तेव्हा रानातून शेवटची तुकडी जी बाहेर आली, तीत दीडशेच्या आत माणसे होती. सबंध रानातले एकच झाड, एक हॉर्नबीम, जगले. ते आजही आहे, त्याच्या खोडात धातूचे तुकडे आहेत आणि दरवर्षी त्याला पालवी फुटते. भोवतीचे रान नंतर पुन्हा लावले गेले, आणि तेथल्या ओकच्या रांगा दक्षिण आफ्रिकेहून आणलेल्या बियांपासून वाढवलेल्या आहेत. त्या बियांचे पूर्वज शतकांपूर्वी फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) लोकांबरोबर तिकडे गेले होते, असे मानले जाते. आपल्या वाचकांसाठी आणखी एक दुवा: १४ जुलै १९१६ रोजी याच परिसरात, हाय वुड आणि डेलव्हिल वुड यांच्या मधल्या शेतांत, डेक्कन हॉर्स या हिंदी रिसाल्याने घोडदौडीचा हल्ला केला होता.

विजय मिळतो तेथे कमानी बांधल्या जातात, घोड्यावर बसलेले पुतळे उभे राहतात. गॅलिपोली, बोमाँ-हामेल, पानिपत अशा ठिकाणी मात्र लोकांनी झाड धरले. काला आंबाजवळ विजयस्तंभाच्या थाटाचे काही उभारले, तर ते त्या जागेला शोभणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि शौर्याचा उल्लेख करताना बाजारबुणग्यांना विसरू नये. लढाई संपल्यावर, दुसऱ्या दिवशीसुद्धा, जी कत्तल झाली आणि ज्या बायकामुलांना गुलाम करून नेले गेले, ती माणसे हातात शस्त्र नसलेली होती. आपल्याकडे ‘सव्वा लाख बांगडी फुटली’ असे म्हणतात, त्यात त्यांची गणती कोणी केलेली नाही.

दफ्तरी

सर्वांचे आभार. सांजवारा यांचा मुद्दा पटतो. नव्या झाडाच्या प्रश्नावर आता मत द्यावे. माझे स्वतःचे मत असे बनत चालले आहे की स्तंभ आहे तेथेच राहू द्यावा, कारण तोही आता इतिहासाचा भाग झालेला आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर नवा आंबा लावावा. मात्र त्याच्या फलकावर लावल्याचे वर्ष, लावणाऱ्यांचे नाव आणि ‘हे मूळ झाड नव्हे’ असे स्पष्ट लिहावे. मूळ झाड कोठे होते याबद्दल ‘परंपरेनुसार’ हा शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही मजकुरांत असावा.

शंकेखोर

फलक मान्य. पण तो पाच-दहा वर्षे टिकतो, झाड शंभर वर्षे. फलक गेला की पुढच्या पिढीला तोच ‘काला आंब’ वाटणार, आणि त्याच्याही पानांत कोणाला तरी रक्त दिसणार.

उत्तररंग

वाटू द्या. गॅलिपोलीतल्या स्टोन पाइनबद्दलही लोकांना तसेच वाटते. नोंद लेखी असली की जो शोधेल त्याला ती सापडते, आणि बाकीच्यांना निदान सावलीत उभे राहता येते. वॉटर्लूला तेवढीही सोय उरली नाही. माझी सूचना एवढीच की झाडाभोवती कठडा असावा आणि पाने, डहाळ्या तोडू देऊ नयेत.

शंकेखोर

तेवढ्यावर मी विरोध मागे घेतो, पण ‘परंपरेनुसार’ हा शब्द गाळला गेला तर पुन्हा लिहीन.

वाटाड्या

कोणत्या जातीचा आंबा लावावा? महाराष्ट्रातून हापूसचे कलम न्यावे, अशी कल्पना काही जण मांडतील असे दिसते.

कलमबहाद्दर

हापूस नको. कोकणच्या दमट हवेतले झाड हरियाणाच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि कडक थंडीत नीट राहणार नाही, आणि स्मारकावरचे झाड खुरटलेले दिसणे कोणालाच बरे वाटणार नाही. तेथल्याच परिसरातील एखाद्या जुन्या, गावरान, दाट विस्ताराच्या आंब्याची कोय जून-जुलैत काढून लगेच जागेवरच रुजवावी. कलमी झाड लवकर फळते, परंतु कोयीपासून वाढलेल्या झाडाचे सोटमूळ खोल जाते, ते उंच होते आणि अधिक काळ उभे राहते. येथे आपल्याला फळ नको आहे, आयुष्य हवे आहे. पहिली तीन-चार वर्षे डिसेंबर-जानेवारीत दहिवराने कोवळे शेंडे करपतात, म्हणून रोपावर गवताचे छप्पर घालावे, आग्नेयेकडची बाजू उन्हासाठी उघडी ठेवावी आणि कडाक्याच्या रात्री हलके पाणी द्यावे. १४ जानेवारीचा कार्यक्रम नेमका याच दिवसांत येतो. तेव्हा छायाचित्रासाठी ते छप्पर काढू नये, ही सूचना आयोजकांच्या कानावर आधीच घालून ठेवावी.